वैमानिकाची साक्ष

न्यायालयांत साक्षीदाराला एक मर्यादा असते. त्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं काय पाहिलें तें सांगावें. पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ लावण्याचें काम न्यायाधीशाचें. ही मर्यादा साक्षीदाराच्या अपमानासाठीं घातलेली नाहीं. त्याच्या साक्षीचें मोल टिकावें म्हणूनच ती आहे. लष्करी वैमानिकांनीं आकाशांत पाहिलेल्या, परंतु ज्यांची ओळख पटली नाहीं अशा वस्तूंचा इतिहास वाचतांना ही मर्यादा पदोपदीं आठवावी लागते. गेल्या ऐंशी वर्षांत या साक्षीवर जगानें दोन्ही बाजूंनीं अन्याय केला. कोणीं वैमानिकांना भ्रमिष्ट ठरविलें, तर कोणीं त्यांच्या तोंडीं परग्रहावरील प्राण्यांच्या कथा घातल्या. साक्ष नीट लिहून घ्यावी, तपासून पाहावी आणि जेथें उत्तर मिळत नाहीं तेथें थांबावें, हा साधा मार्ग फार थोड्यांनीं धरला. तो न धरल्याचे परिणाम काय होतात, हें या इतिहासांतील कांहीं प्रसंगांवरून स्पष्ट होतें.

या इतिहासाचा आरंभ दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यांत होतो. १९४४ सालीं अमेरिकेचें ४१५ वें रात्र-लढाऊ पथक पूर्व फ्रान्समधील तळावरून ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यावर गस्त घालीत असे. ब्यूफायटर जातीच्या ब्रिटिश विमानांतून जाऊन शत्रूचीं विमानें अंधारांत हुडकावयाचीं, हें त्याचें काम. नोव्हेंबरच्या अखेरीस एका रात्रीं स्ट्रासबर्गच्या परिसरांत लेफ्टनंट एडवर्ड श्लूटर, त्याचा रडार-निरीक्षक डोनाल्ड मायर्स आणि बरोबर गेलेला माहिती-अधिकारी फ्रेड रिंगवाल्ड यांना आठ-दहा नारिंगी दिवे एका रांगेंत झपाट्यानें जातांना दिसले. जमिनीवरील रडार-केंद्राकडे विचारणा केली, तों तेथें कांहींच उमटलें नव्हतें. विमान त्या दिशेला वळविलें, तों दिवे नाहींसे झाले. थोड्या वेळानें ते दूरवर पुन्हां दिसले.

पुढील आठवड्यांत त्याच पथकांतील इतर वैमानिकांनाहि असे दिवे दिसूं लागले. कधीं ते विमानाच्या पंखाशेजारून बरोबरीनें चालत, कधीं मागें लागत. परंतु कोणत्याहि विमानाला त्यांनीं इजा केली नाहीं. त्या काळीं अमेरिकन वृत्तपत्रांत ‘स्मोकी स्टोव्हर’ नांवाची एक विनोदी चित्रमालिका येत असे. तींत वारंवार येणारा ‘फू’ हा निरर्थक शब्द उचलून वैमानिकांनीं या दिव्यांना ‘फू-फायटर’ असें नांव ठेवलें. १९४५ च्या जानेवारींत तें नांव वृत्तपत्रांतून सर्वत्र पसरलें. मृत्यूच्या छायेंत वावरणाऱ्या माणसांचा तो विनोद होता. त्यामागें खरी भीति दडलेली होती. कारण हें शत्रूचें नवें शस्त्र नसेलच, असें कोणीं सांगावें?

असेच अनुभव पूर्वेकडील आघाडीवरहि आले होते, आणि त्यांतील एकाचा धागा हिंदुस्थानाशीं जुळलेला आहे. बंगालमधील खड्गपूर हा त्या वेळीं अमेरिकेच्या प्रचंड बी-२९ बाँबफेकी विमानांचा एक मुख्य तळ होता. १९४४ च्या १० ऑगस्टच्या रात्रीं बी-२९ विमानांचा एक ताफा सिलोनमधील चायना बे येथून उडून सुमात्रांतील पालेंबांगच्या तेलशुद्धीच्या कारखान्यांवर गेला. खड्गपूरच्या पथकांतील एका विमानाच्या कप्तानानें सांगितलेली हकीकत अशी, कीं हल्ल्यानंतर उजव्या पंखापासून सुमारें पांचशें यार्डांवर एक तांबूस-नारिंगी, धगधगणारा गोळा त्यांच्या बरोबरीनें चालूं लागला. विमान आडवें-तिडवें वळवून पाहिलें, तरी गोळ्यानें सुमारें आठ मिनिटें पाठ सोडली नाहीं. मग एकाएकीं वळण घेऊन तो निघून गेला.

महायुद्ध संपल्यावर जर्मनीचीं व जपानचीं दफ्तरें दोस्तांच्या हातीं आलीं. परंतु असें कोणतेंहि शस्त्र त्यांत आढळलें नाहीं. १९५३ च्या जानेवारींत प्राध्यापक एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखालीं शास्त्रज्ञांची एक समिति अमेरिकन सरकारनें बसविली. तींत पुढें नोबेल पारितोषिक मिळविणारे लुई आल्व्हारेझ हेहि होते. या समितीचें मत असें पडलें, कीं हे दिवे विद्युद्भाराचे, विद्युत्-चुंबकीय घडामोडींचे अथवा हवेंतील हिमकणांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचे खेळ असावेत. वादळी हवेंत गलबताच्या डोलकाठीवर दिसणारा ‘सेंट एल्मोचा अग्नि’ दर्यावर्दी लोकांना शतकानुशतकें ठाऊक आहे. विमानाच्या पंखांच्या टोंकांवरहि तो प्रकटतो. परंतु समितीनेंहि ‘असावेत’ यापुढें शब्द टाकला नाहीं, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

येथें मानवी दृष्टीचा विचार करणें प्राप्त होतें. जमिनीवर माणूस अंतर ठरवितो तें झाड, घर, रस्ता यांच्या आधारानें. आकाशांत हा आधार नाहीं. तेथें डोळ्याला फक्त वस्तूची दिशा आणि तिनें व्यापलेला कोन एवढेंच कळतें. वस्तु किती मोठी हें ठाऊक असेल तर ती किती दूर तें सांगतां येईल. किती दूर हें ठाऊक असेल तर तिचा वेग काढतां येईल. यांतील एकहि गोष्ट ठाऊक नसेल तर बाकीच्या दोन्ही निव्वळ अंदाज ठरतात. कोट्यवधि मैलांवरील शुक्राची चांदणी, दहा मैलांवरील फुगा आणि शंभर यार्डांवरील दिवा हीं तिन्ही डोळ्याला एका प्रकाशबिंदूसारखींच दिसूं शकतात.

यांत दुसऱ्या एका भ्रमाची भर पडते. गडद अंधारांत एकाच स्थिर दिव्याकडे टक लावून पाहिलें, तर थोड्या वेळानें तो दिवा इकडेतिकडे सरकूं लागल्याचा भास होतो. युद्धकाळांत अमेरिकन आरमाराच्या वैद्यकीय संशोधकांनीं या भासाचा मुद्दाम अभ्यास केला. कारण अनुभवी वैमानिकसुद्धां स्थिर ताऱ्याला शेजारच्या विमानाचा दिवा समजून फसतात, असें त्यांना आढळलें होतें. गांवाबाहेरच्या शिवारांत आग्यावेताळ पाहणारा प्रवासी खोटें बोलत नसतो. उजेड त्यानें पाहिलेला असतोच. वेताळ मात्र त्याच्या मनानें पुरविलेला असतो. वैमानिकाची गोष्ट यापेक्षां फारशी निराळी नाहीं, कारण डोळे त्यालाहि माणसाचेच मिळालेले आहेत.

युद्धानंतर दोनच वर्षांनीं या विषयाला नवें नांव मिळालें. २४ जून १९४७ रोजीं केनेथ आर्नोल्ड नांवाच्या नागरी वैमानिकाला अमेरिकेच्या वायव्य भागांतील रेनिअर पर्वताजवळ नऊ चकाकणाऱ्या वस्तु ओळीनें जातांना दिसल्या. रेनिअर व अॅडम्स या दोन शिखरांमधील अंतर त्यांना किती वेळांत तोडतां येतें, तें त्यानें घड्याळावर मोजलें आणि ताशीं बाराशें मैलांहून अधिक असा वेग काढला. वेळ घड्याळाचा होता. वस्तु किती दूर आहेत हा मात्र त्याचा तर्क होता. पाण्यावर बशी भिरकावली असतां ती जशी टप्पे घेत जाते, तशी त्या वस्तूंची गति होती, असें तो म्हणाला. वार्ताहरांनीं गतीची ही उपमा आकाराला चिकटविली, आणि ‘उडत्या तबकड्या’ जन्मास आल्या. थोड्याच दिवसांत देशभरांतून लोकांना तबकड्या दिसूं लागल्या. अमेरिकन विमानदलानें डिसेंबरअखेर या वार्तांची चौकशी करण्याचा हुकूम काढला. परंतु चौकशीचें काम प्रत्यक्ष सुरू होण्यापूर्वींच एक दुःखद घटना घडली.

७ जानेवारी १९४८ रोजीं दुपारीं केंटकी राज्याच्या पोलिसांनीं फोर्ट नॉक्सजवळील गॉडमन विमानतळाला कळविलें, कीं मेझव्हिल गांवच्या लोकांना आकाशांत एक प्रचंड वस्तु दिसत आहे. पाठोपाठ ओवेन्सबरो आणि आयर्विंग्टन येथूनहि तशाच वर्दी आल्या. पावणेदोनच्या सुमारास ती वस्तु विमानतळाच्या मनोऱ्यांतील लोकांनाहि दिसूं लागली. तळाचे प्रमुख कर्नल गाय हिक्स यांनीं ती दुर्बिणींतून न्याहाळली. कोणी तिला उघडलेल्या हवाई छत्रीची उपमा दिली, कोणी आइस्क्रीमच्या शंकूची. ती काय असावी, हें मात्र तेथें कोणालाच सांगतां येईना.

इतक्यांत चार मस्टँग विमानें जॉर्जियाकडून लुइव्हिलला जातांना त्या बाजूला आलीं. त्यांचा प्रमुख होता कॅप्टन थॉमस मॅन्टेल, वय वर्षें २५. नॉर्मंडीच्या स्वारींत सैनिकवाहू विमान नेऊन शौर्यपदक मिळविलेला हा अनुभवी वैमानिक होता. मनोऱ्यावरून त्याला त्या वस्तूचा तपास करण्याविषयीं बिनतारी संदेश गेला. एका विमानाचें इंधन कमी असल्यामुळें तें सरळ पुढें गेलें. उरलेलीं तिन्ही वर चढूं लागलीं. विमानें कमी उंचीवरून न्यावयाचीं म्हणून निघालेलीं असल्यामुळें प्राणवायूची पुरेशी सामग्री त्यांत नव्हती. बावीस हजार फुटांच्या सुमारास मॅन्टेलचे दोघे सोबती माघारीं फिरले. वस्तु अद्यापि वर आहे, आणखी थोडें वर जाऊन पाहतों, अशा आशयाचें कांहीं मॅन्टेलनें कळविलें. त्याचे नेमके शब्द कोणते, याविषयीं मनोऱ्यांत ऐकणाऱ्यांमध्येंच पुढें एकमत राहिलें नाहीं. त्यानंतर त्याचा आवाज आला नाहीं. फ्रँकलिन गांवाजवळ एका शेतांत त्याच्या विमानाचे अवशेष सांपडले. मनगटावरील घड्याळ तीन वाजून अठरा मिनिटांवर बंद पडलें होतें.

मृत्यूच्या कारणांत गूढ असें कांहीं नव्हतें. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. पंचवीस हजार फुटांवर प्राणवायूवांचून माणसाची कामापुरती शुद्ध तीन ते पांच मिनिटेंच टिकते. या अवस्थेचें क्रौर्य असें, कीं ती ओढवली असतां जीव घुसमटत नाहीं. उलट माणसाला बरें वाटूं लागतें, आत्मविश्वास वाढतो, आणि धोका ओळखणारी बुद्धिच सर्वांत आधीं मावळते. मॅन्टेल बेशुद्ध झाला, विमान कांहीं काळ तसेंच वर गेलें, मग सूर मारून खालीं येतांना हवेंतच मोडलें, असा चौकशीचा निष्कर्ष होता. परंतु लोकांना ही साधी हकीकत पुरेना. तबकडीनें विमान पाडलें, अशा बातम्या दुसऱ्याच दिवसापासून उठूं लागल्या.

या बातम्यांना अधिकाऱ्यांनीं घाईनें उत्तर दिलें, कीं मॅन्टेल शुक्राच्या मागें लागला होता. हें उत्तर टिकण्यासारखें नव्हतें. शुक्र त्या दुपारीं त्या दिशेला होता हें खरें. परंतु भर दिवसां तो इतका फिकट दिसतो, कीं नेमकी जागा ठाऊक असल्याशिवाय सहसा सांपडत नाहीं, आणि हवाई छत्रीसारखा तर तो कोणालाच दिसणार नाहीं. १९५२ सालीं चौकशी-विभागाचे प्रमुख कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट यांनीं हें प्रकरण पुन्हां बाहेर काढलें आणि ज्योतिषशास्त्रज्ञ डॉक्टर अॅलन हायनेक यांचा सल्ला घेतला. शुक्र बाद झाला. त्याच्या जागीं पुढें आला तो एक फुगा.

हा फुगा सामान्य नव्हता. अमेरिकन आरमारानें ‘स्कायहुक’ नांवाची एक योजना चालविली होती. विश्वकिरणांच्या अभ्यासासाठीं उपकरणें वातावरणाच्या वरच्या थरांत नेणारे अतिशय पातळ पॉलिथिलीनचे अजस्र फुगे तींत सोडण्यांत येत. १९४७ च्या सप्टेंबरांत त्यांतील पहिला उडाला. त्यांचा व्यास शंभर फुटांच्या घरांत असे, आणि ते साठ हजार फुटांहूनहि वर जात. फुगलेल्या डोक्याखालीं निमुळता होत गेलेला त्यांचा देह उन्हांत धातूसारखा चमके. मनोऱ्यावरून दिसलेली छत्री आणि शंकु या वर्णनाशीं तंतोतंत जुळतात. मॅन्टेलच्या मस्टँगची मजल फार तर बेचाळीस हजार फुटांपर्यंत. म्हणजे ज्या वस्तूला गांठण्यासाठीं तो वर गेला, ती त्याच्या यंत्राच्या आटोक्यांत कधींच येणार नव्हती. बहुतेक अभ्यासक आतां हेंच स्पष्टीकरण मान्य करतात.

तेव्हां या मृत्यूचा दोष कोणावर? मॅन्टेलनें नियम मोडून उंची गांठली, हें नाकारतां येत नाहीं. परंतु आपण कशाच्या मागें धांवत आहों, हें त्याला सांगण्याची शक्यताच ठेवण्यांत आली नव्हती. आरमाराचे फुगे गुप्त होते. विमानदलाच्या मनोऱ्यांतील माणसांना त्यांचा पत्ता नव्हता. एका खात्याचें रहस्य तें दुसऱ्या खात्याचें गूढ झालें. या इतिहासांत हें पुन्हां पुन्हां घडलेलें आहे.

त्याच वर्षीं १ ऑक्टोबरच्या रात्रीं नॉर्थ डाकोटांतील फार्गो शहरावर जॉर्ज गॉरमन या वैमानिकानें एका लहानशा पांढऱ्या दिव्याशीं सत्तावीस मिनिटें झुंज दिली. तो वळे तसा दिवा वळे. दोनदां तर टक्कर होते कीं काय असें त्याला वाटलें. दिव्याच्या हालचालींमागें बुद्धि होती, अशी त्यानें शपथेवर साक्ष दिली. चौकशीअंतीं विमानदलानें निष्कर्ष काढला, कीं तो हवामान-खात्याचा दिवा लावलेला फुगा होता, आणि गिरक्या घेणारें गॉरमनचें विमानच फुग्याला गति दिल्याचा भास उत्पन्न करीत होतें. दिवा दिसला, ही साक्ष खरी ठरली. त्यामागें बुद्धि होती, हा अर्थ मात्र टिकला नाहीं.

चौकशीचीं नांवें बदलत गेलीं; ‘साइन’, मग ‘ग्रज’, आणि १९५२ पासून ‘ब्लू बुक’. १७ डिसेंबर १९६९ रोजीं हें दफ्तर बंद झालें, तेव्हां त्यांत १२,६१८ नोंदी होत्या. त्यांतील ७०१ नोंदींपुढें ‘अज्ञात’ असा शेरा होता; म्हणजे शेंकडा साडेपांच. या ७०१ वरून पुढें मोठमोठे तर्क रचण्यांत आले. वस्तुतः ‘अज्ञात’ हा शेरा त्या वस्तूविषयीं कांहींच सांगत नाहीं. हातीं आलेली माहिती उत्तर देण्यास पुरली नाहीं, एवढेंच तो सांगतो. ज्या खटल्यांत आरोपी सांपडला नाहीं, तेथें गुन्हा भुतानें केला असें कोणी म्हणत नाहीं.

परंतु सरकारी बाजूहि निर्दोष नव्हती. १९५५ पासून यू-२ हें अमेरिकेचें हेर-विमान साठ हजार फुटांहून अधिक उंचीवर उडूं लागलें. खालीं सांज झालेली असतां त्याच्या पंखांवर सूर्य तळपत असे, आणि प्रवासी विमानांच्या वैमानिकांना माथ्यावर एक अग्निमय वस्तु दिसे. अमेरिकन गुप्तहेर-खात्याच्या इतिहासकारानें १९९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत लिहिलें आहे, कीं अशा कित्येक वार्तांचें खरें उत्तर चौकशी करणाऱ्यांना कळत असूनहि गुप्ततेसाठीं लोकांना भलतेंच कारण सांगण्यांत आलें. एकदां असें झालें कीं पुढचें खरें उत्तरहि लोकांना खोटें वाटूं लागतें; आणि आपल्या साक्षीची वाट अशी लागते हें पाहून वैमानिक गप्प बसूं लागतात.

हा अबोला किती खोल गेला होता, तें एकविसाव्या शतकांत उघड झालें. १४ नोव्हेंबर २००४ रोजीं सॅन डिएगोनजीक पॅसिफिक महासागरावर ‘निमिट्झ’ या विमानवाहू जहाजावरील कमांडर डेव्हिड फ्रेवर आणि त्यांच्या सोबतच्या वैमानिकांना बिनपंखांची, पांढरी, लांबट वस्तु पाण्यावर घिरट्या घालतांना दिसली; जवळ जातांच ती वेगानें नाहींशी झाली. ‘प्रिन्स्टन’ या जहाजावरील रडारनेंहि त्या दिवसांत कांहीं टिपलें होतें. ही हकीकत जगापुढें ठळकपणें आली ती तेरा वर्षांनीं, २०१७ च्या डिसेंबरांत. या प्रसंगाचें सर्वमान्य उत्तर मिळालेलें नाहीं.

२०२१ च्या जूनमध्यें अमेरिकन सरकारनें १४४ वार्तांचा अहवाल काढला. त्यांतील फक्त एकीचा उलगडा खात्रीनें झाला होता. ती वस्तु हवा निघून चाललेला एक मोठा फुगा होती. वार्ता देणाऱ्याची होणारी हेटाळणी हीच माहिती गोळा करण्यांतील एक मोठी अडचण आहे, अशी कबुलीहि त्या अहवालांत होती. २०१५ सालच्या एका प्रसिद्ध चित्रफितींत एक वस्तु समुद्रालगत विलक्षण वेगानें जातांना दिसते. तिच्याबरोबर नोंदलेल्या कोनांवरून आणि अंतरावरून नासाच्या अभ्यासगटानें २०२३ सालीं गणित मांडलें, तेव्हां ती सुमारें तेरा हजार फुटांवर, ताशीं अवघ्या चाळीस मैलांच्या आसपास वेगानें जात होती असें निघालें. वेग होता तो चित्रण करणाऱ्या विमानाचा. आर्नोल्डजवळ केवळ घड्याळ होतें, म्हणून त्याचा प्रश्न लोंबकळत राहिला. येथें अंतर मोजलेलें होतें, म्हणून उत्तर मिळालें.

त्याच वर्षीं ४ फेब्रुवारी रोजीं अमेरिकेच्या लढाऊ विमानानें साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याबाहेर एक चिनी फुगा पाडला. त्यापूर्वीं एका यू-२ वैमानिकानें त्याच्या शेजारून जाऊन त्याचें छायाचित्र घेतलें होतें. मॅन्टेलला जी उंची गांठतां आली नाहीं, त्या उंचीवर पंचाहत्तर वर्षांनीं दुसरा वैमानिक सुरक्षित पोंचला, त्यानें फुग्याला फुगा म्हणून ओळखलें, आणि तो परत आला. मार्च २०२४ मध्यें अमेरिकन संरक्षण-खात्यानें या सर्व इतिहासाचा आढावा प्रसिद्ध केला. परग्रहावरील यंत्रांचा कोणताहि पुरावा त्यांत आढळला नाहीं. गुप्त योजनांचीं विमानें व फुगे लोकांनीं गूढ समजल्याचीं उदाहरणें मात्र त्यांत नोंदलेलीं आहेत.

मॅन्टेलनें, गॉरमननें आणि ऱ्हाईनवरच्या त्या रात्रीच्या वैमानिकांनीं जें पाहिलें तें प्रामाणिकपणें सांगितलें. त्या सांगण्यावर हसणाऱ्यांनीं पुढच्या वैमानिकाचें तोंड बंद केलें. त्यावर कथा रचणाऱ्यांनीं त्याच्या शब्दांची किंमत घालविली. आणि ज्यांच्यापाशीं उत्तर होतें, त्यांनीं तें कुलपांत ठेविलें. आकाशांत अनोळखी वस्तु यापुढेंहि दिसत राहतील. अशी एखादी वस्तु पाहून मनोऱ्याशीं बोलणाऱ्या वैमानिकाचें म्हणणें कोणीतरी शांतपणें लिहून घ्यावें, आणि मनोऱ्याला जें ठाऊक असेल तें त्यालाहि वेळेवर कळावें, एवढें तरी त्याला मिळालें पाहिजे.